संगणकाची स्मृती पळवली तर खेळ पळतो का?

मे महिन्यातली गोष्ट. चाळीसगावला एका शिक्षकमित्राच्या घरी आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. त्यांचा मुलगा अकरावीत गेलेला आणि संगणकावरच्या खेळांचा भलताच शौकीन. त्याने कुठेसे वाचून घरातल्या संगणकाच्या रॅमचा, म्हणजे कार्यस्मृतीचा, वेग वाढवून ठेवला होता. रॅमवर ३२०० असा आकडा छापलेला होता. त्याने तो ३६०० केला. खेळ अधिक सफाईने चालू लागला असे त्याचे म्हणणे. तिसऱ्या दिवशी दुपारी संगणक अडकला, आणि तो पुन्हा सुरू केल्यावर सरांनी वर्षभर भरत आणलेली वर्गाच्या गुणांची फाइल उघडेना. वडील म्हणत, तुझ्या खेळामुळे झाले. मुलगा म्हणे, रॅमचा आणि फाइलचा संबंधच काय? आणि निवाडा करायला आम्ही!

प्रश्न खरे तर दोन होते. स्मृतीचा वेग वाढवल्याने खेळ वेगाने चालतो का, हा पहिला. आणि त्याची किंमत काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही, कारण ते गेल्या सत्तर वर्षांत बदलत आले आहे.

चाळीसगावकरांना यातले मर्म समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. धुळ्याहून येणारी गाडी चाळीसगाव जंक्शनला उतरवते, तिथून मुंबईकडे जायला मुख्य मार्गावरची गाडी पकडायची. समजा धुळ्याची गाडी दहा मिनिटे आधी पोहोचू लागली. मुंबईला जाणारा प्रवासी दहा मिनिटे आधी पोहोचेल का? नाही. तो फलाटावर दहा मिनिटे जास्त बसेल. पण उलट, मुख्य मार्गावरची गाडी जर धुळ्याच्या गाडीसाठी थांबवून धरली जात असेल, तर मात्र तीच दहा मिनिटे सगळ्यांच्या कामी येतील. कोण कोणासाठी थांबते आहे, हे पाहिल्याशिवाय वेग वाढवण्याला अर्थ नाही. संगणकातही गणित करणारा प्रोसेसर आणि आकडे सांभाळणारी स्मृती यांच्यात हेच चालते.

पण त्याआधी चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत असलेल्या पाटणला जाऊन येऊ. पाटणादेवीचे ते पाटण. तिथे शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, असे त्यात कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला. लेख संस्कृतात असला, तरी शेवटचा दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे.

१२०७ सालच्या मठाचा आणि आजच्या खेळांचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. ग्रहाचे स्थान काढायचे तर ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, पुन्हा पुन्हा लागते. ती दर वेळी मुळापासून काढणे जिकिरीचे. म्हणून भास्कराचार्यांनी मोठ्या, चोवीस ज्यांच्या कोष्टकाबरोबर एक छोटे कोष्टकही दिले आहे. त्रिज्या १२० धरायची आणि दर १० अंशांनी वाढत जाणाऱ्या ज्यांमधले फरक तेवढे लक्षात ठेवायचे: २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. हे नऊ आकडे पाठ असले की झाले. बेरीज करून पाहा, बरोबर १२० येते.

आता २५ अंशांची ज्या हवी असेल तर? २० अंशांची ज्या २१ अधिक २०, म्हणजे ४१. पुढचा फरक १९; त्याचा अर्धा साडेनऊ. उत्तर ५०.५. खरे मूल्य सुमारे ५०.७१ आहे. भास्कराचार्य इथे थांबत नाहीत. मागचा फरक २० आणि पुढचा १९ यांचा विचार करून पुढच्या फरकाला दुरुस्ती देण्याची रीतही ते सांगतात. ब्रह्मगुप्ताकडून आलेली ही रीत आहे. तिने १९ चे १९.२५ होतात आणि उत्तर ५०.६२५ येते, खऱ्याच्या आणखी जवळ. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर हे जरूर करून पाहावे. स्मरणात थोडे ठेवायचे आणि उरलेले गणिताने भरून काढायचे, की पुष्कळ ठेवायचे आणि गणित वाचवायचे, हा सौदा त्या मठातल्या विद्यार्थ्यांना रोजचा होता. त्यांच्यापुरते उत्तर स्पष्ट होते: आठवणे स्वस्त, आकडेमोड महाग.

यंत्रांच्या पहिल्या पिढीतही हाच भाव होता. भारतात घडवलेला पहिला संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराखाली तिथल्या गटाने आधी एक प्रायोगिक यंत्र बनवले, ते १९५६ मध्ये चालू झाले. पूर्ण यंत्र १९६० मध्ये. ‘टिफ्रॅक’ हे त्याचे नाव पंडित नेहरूंनी ठेवले. २,७०० निर्वात नळ्या आणि १२,५०० रोधक असलेले हे धूड सुमारे १८ फूट लांब होते. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती. ४० बिटांचे एक पद अशी २,०४८ पदे तिच्यात मावत. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे अवघे १० किलोबाइट. या लेखाच्या मजकुरालाही ती अपुरी पडली असती.

टिफ्रॅकचा आराखडा ज्यावर बेतला होता, त्या प्रिन्स्टनच्या यंत्राचे आकडे पाहण्यासारखे आहेत. बेरजेला ६२ मायक्रोसेकंद, गुणाकाराला ७१३. गुणाकारालाच एवढा वेळ लागत असताना एखादी संख्या स्मृतीतून आणण्याचा वेळ कोणाला खुपणार? त्या काळात कोणी ‘स्मृती जरा पळवा’ म्हटले असते, तर फलाटावर बसणाऱ्यांची संख्या वाढली असती, इतकेच.

फासे उलटायला सुरुवात झाली ती १९७० नंतर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका नव्या स्मृतीचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा धारित्र, एवढ्यात एक बिट. भार असला तर १, नसला तर ०. १९७० मध्ये इंटेलने अशा प्रकारची १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली (तिच्यात मात्र एका बिटाला तीन ट्रान्झिस्टर लागत). आज १६ गिगाबिटची एक चिप सर्रास मिळते, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पट. पण या धारित्रांची गत पाझरणाऱ्या माठासारखी आहे. भार सतत झिरपत जातो, म्हणून प्रत्येक माठ ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो. ही माठाची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे सरांच्या फाइलसाठी ती लागणार आहे.

गोम अशी झाली, की स्मृती बनवणाऱ्यांनी सगळी हुशारी माठांची संख्या वाढवण्यात खर्च केली आणि प्रोसेसर बनवणाऱ्यांनी वेग वाढवण्यात. १९८१ च्या आयबीएम पीसीत प्रोसेसरचा एक ठोका सुमारे २१० नॅनोसेकंदांचा होता, आणि स्मृतीशी एका देवघेवीला चार ठोके दिलेले होते. स्मृती आरामात पुरी पडे. पुढे प्रोसेसरचा वेग वर्षाला पन्नास-साठ टक्क्यांनी आणि स्मृतीचा प्रतिसाद जेमतेम सात टक्क्यांनी सुधारत गेला. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्यांना याचा परिणाम सांगायला नको. १९९५ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील वुल्फ आणि मॅकी यांनी एका छोट्या लेखात इशारा दिला, की असेच चालले तर प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी सगळा वेळ वाट पाहण्यातच जाईल. ‘स्मृतीची भिंत’ हा त्यांचा शब्द रूढ झाला.

भिंतीला खिंडार पाडायची युक्ती आधीच सापडली होती. १९६५ मध्ये मॉरिस विल्क्स यांनी सुचवले, की मोठ्या संथ स्मृतीच्या पुढे एक लहान चपळ स्मृती ठेवावी आणि नुकतेच वापरलेले तिच्यात राहू द्यावे. १९६८ मध्ये आयबीएमच्या एका मोठ्या यंत्रात ती विक्रीला आली, आणि १९८९ मध्ये इंटेलच्या ४८६ प्रोसेसरच्या पोटातच ८ किलोबाइटची अशी ‘कॅश’ बसली. स्वयंपाकघरात पोते कोठीत असले तरी गव्हाचे पीठ डब्यात हाताशी असते, तसे हे.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ आला तो या सांध्यावर. १९९७ मध्ये त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली आणि आत काय आहे ते पाहता आले. त्यात साइनचे एक लांबलचक कोष्टक आहे! पूर्ण वर्तुळाचे ८,१९२ भाग केलेले, आणि कोसाइनही त्याच कोष्टकातून मिळावी म्हणून सव्वापट, म्हणजे १०,२४० आकडे. पाटणच्या मठातल्या नऊ आकड्यांचा हा वंशज. ४८६ प्रोसेसरला साइन काढायला दोनशेहून अधिक ठोके लागत, आणि स्वस्त प्रोसेसरांत तर अपूर्णांकांच्या गणिताची सोयच नसे. स्मृतीतून आकडा उचलणे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. आठशे वर्षांनीही सौदा तोच होता.

आज तो उलटला आहे. सध्याच्या ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. साइन काही डझन ठोक्यांत निघते. पण आकडा कॅशमध्ये नसला आणि रॅमपर्यंत जाऊन यावे लागले, तर ७०-८० नॅनोसेकंद जातात, म्हणजे साडेतीनशे-चारशे ठोके. आता आकडेमोड स्वस्त आणि आठवणे महाग. म्हणूनच ‘रॅम पळवली तर?’ या प्रश्नाला आज काही तरी अर्थ आला आहे.

काही तरी, असे मुद्दाम म्हटले. कारण वेग या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कन्नड घाटाचा रस्ता रुंद केला, तर तासाला जास्त ट्रक वर जातील. पण एका ट्रकला चढायला लागणारा वेळ फारसा बदलणार नाही. रॅमवर छापलेला आकडा रस्त्याची रुंदी सांगतो, चढणीचा वेळ नव्हे. १९९८ च्या सुमाराची ‘पीसी-१००’ रॅम सेकंदाला ८० कोटी बाइट देई, आणि चांगल्या प्रतीच्या पट्टीत योग्य ओळ उघडल्यावर पहिला आकडा हाती यायला २ ठोके, म्हणजे २० नॅनोसेकंद लागत. आजची ‘डीडीआर-५’ जातीची ६००० आकड्याची चांगली पट्टी सेकंदाला ४,८०० कोटी बाइट देते, साठपट! पण पहिल्या आकड्यासाठी तिला ३० ठोके लागतात. तिचा ठोका सेकंदाला ३०० कोटी, म्हणजे १० नॅनोसेकंद. पाव शतकात रुंदी साठपट, चढणीचा वेळ फक्त निम्मा. इवल्या माठातला अत्यल्प भार ओळखायला जो वेळ लागतो, तो लागतोच. रॅम विकत घेणाऱ्याने दुकानात हा भागाकार करूनच पट्टी उचलावी. मोठा आकडा आणि त्याबरोबर वाढलेले ठोके, यात पुष्कळदा काहीच मिळालेले नसते.

मग खेळात नेमके किती पडते? खेळाचे प्रत्येक चित्र दोघे मिळून तयार करतात. प्रोसेसर कोण कुठे आहे ते ठरवतो आणि चित्रप्रक्रियक, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, रंगवतो. दोघांचे काम एकाच वेळी चालते, म्हणून जो मागे पडेल त्याच्या वेगाने चित्रे येतात. धरून चालू, की प्रोसेसरला एका चित्रामागे १० मिलिसेकंद लागतात आणि त्यातले ४ रॅमची वाट पाहण्यात जातात. रॅम सर्वार्थाने २० टक्के चपळ झाली, तर ४ चे ३.३३ होतील आणि एकूण ९.३३. कार्डाला १४ मिलिसेकंद लागत असतील, तर आधी सेकंदाला ७१ चित्रे आणि नंतरही ७१. कार्ड जबरदस्त असून त्याला ६ च लागत असतील, तर १०० ची १०७ होतील. वीस टक्के चपळाईचे सात टक्के फळ, तेही महागड्या कार्डाच्या धन्याला. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार हाच: कामाच्या ज्या भागाला हात लावला नाही, तो सुधारणेला वेसण घालतो.

असे असताना रॅम पळवल्याने खेळ धावतो ही ख्याती आली कुठून? आम्हाला वाटते, तिची मुळे १९९८ च्या आसपास आहेत. इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा स्वस्त प्रोसेसर तेव्हा हौशी मंडळींचा लाडका होता. मदरबोर्डवरचा मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० चा प्रोसेसर ४५० ने धावू लागे, त्याच्या पोटातली कॅशही तितकीच धावे आणि रॅमचा ठोकाही ६६ चा १०० होई. खेळ भन्नाट पळे. पण श्रेय कोणाचे? प्रयोगात एका वेळी एकच चल बदलावा, हे आपण आठवीला शिकवतो. इथे तीन चल एकदम बदलत होते. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरांतही असाच गुंता होता. त्यांच्या अंतर्गत भागांना जोडणाऱ्या दुव्याचा ठोका रॅमच्या ठोक्याशी बांधलेला होता, त्यामुळे रॅम वाढवली की दुवाही वाढे. तिथे फायदा खरा होता, पण निखळ रॅमचा नव्हता. एएमडीनेच २०२२ मध्ये ९६ मेगाबाइटची भलीमोठी कॅश असलेला प्रोसेसर खेळांसाठी आणला. डबा एवढा मोठा केला, की कोठीत जावेच लागू नये. अशा यंत्रात रॅमच्या वेगाने पडणारा फरक आणखी कमी होतो.

एक प्रकार मात्र वेगळा आहे, आणि आपल्याकडच्या घरांत व शाळांत बहुधा तोच असतो. स्वतंत्र कार्ड नसलेला संगणक. त्यातला चित्रप्रक्रियक प्रोसेसरच्याच अंगात असतो आणि रंगकामासाठी साधी रॅमच वापरतो. त्याला चढणीच्या वेळाशी फारसे देणेघेणे नाही. हजारो बिंदू एकदम रंगवायचे असल्याने त्याला रुंदी हवी असते. इथे रॅमचा वेग वाढला की खेळाचा वेग खरोखर वाढतो. गंमत पाहा, मोठा खर्च करणाऱ्याला जे फळत नाही, ते साध्या यंत्राला फळते. मित्राच्या मुलाचा संगणक याच जातीचा होता, आणि खेळ सुधारल्याचे तो सांगत होता ते खोटे नव्हते.

पण आम्ही पेटी उघडली, तेव्हा आत दोन खाचा दिसल्या आणि पट्टी एकच. हिशेब मांडला. ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २,५६० कोटी बाइट देते. ३६०० केल्यावर २,८८० कोटी, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. आणि ३२०० चीच दुसरी पट्टी शेजारच्या खाचेत बसवली, तर दोन वाटा एकदम उघडतात: ५,१२० कोटी. मुलाने वहीत तीनदा गुणाकार केला.

राहिली फाइल. कारखाना जो वेग छापतो, तो सर्व माठांना, सर्व ऋतूंत मानवेल असा राखून छापतो. वेग वाढवणे म्हणजे ही राखीव जागा खाणे. धारित्र तापले की भार लवकर झिरपतो. चिपचे तापमान ८५ अंशांवर गेले तर पुन्हा भरण्याची मुदत ६४ वरून ३२ मिलिसेकंदांवर आणावी, असा नियमच आहे. चिप तिथवर तापली नाही, तरी खानदेशातल्या मे महिन्यात बंद खोलीतल्या पेटीत राखीव जागा आधीच कमी झालेली असते. आम्ही वाढवलेल्या वेगावरच रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला. रात्रभर एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता लावला, तर चुका दिसू लागल्या. ३२०० वर आणल्यावर त्याच दुपारी काही नाही. फाइल याच कारणाने बिघडली असे शपथेवर सांगता येणार नाही, पण संशय घ्यायला एवढे पुरे.

संगणकाला अशी चूक स्वतःहून का कळली नाही, असे सरांनी विचारले. चूक ओळखून दुरुस्त करण्याची रीत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच शोधली आहे. बँकांच्या मोठ्या यंत्रांतल्या रॅममध्ये त्यासाठी जादा बिट असतात. घरगुती रॅममध्ये बहुधा नसतात. ७२ ही संख्या द्विमान पद्धतीत १००१००० अशी लिहितात. तिच्यातला दुसरा १ झिरपून गेला तर १०००००० उरते, म्हणजे ६४. सरांची फाइल दाबून लहान केलेल्या प्रकारची होती, तिच्यात एक बिट बिघडले तरी उघडताना बोभाटा होतो. ती साधी असती, तर निमूटपणे उघडली असती आणि कोणाच्या तरी ७२ चे ६४ होऊन निकालपत्रावर गेले असते. हे ऐकल्यावर मात्र मुलगा गप्प झाला.

रॅम ३२०० वरच ठेवून पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी पट्टी आणली. फरक पाहायला आकडे मोजावे लागले नाहीत, असे त्याने फोनवर कळवले. गुणांची फाइल काही उघडली नाही. सरांनी कागदावरच्या याद्या काढून ती नव्याने भरली. मुलगा आकडे वाचून दाखवत होता आणि सर प्रत्येक आकडा दोनदा विचारत होते.